रमाईचे घर आणि आपल्या घरातली ७ फेब्रुवारी

दर वर्षी ७ फेब्रुवारीला आपल्या बहुतेक विहारांत एकसारखे चित्र दिसते. पुढे मांडव, माता रमाईच्या फोटोला हार, व्यासपीठावर पाच-सहा पाहुणे आणि प्रत्येकाच्या तोंडी त्यागमूर्ती हा शब्द. मागच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाला वस्तीतल्या आठ-दहा बाया सकाळपासून भात आणि खिरीच्या पातेल्यांशी झटत असतात. रमाईचे गुणगान संपेपर्यंत त्यांच्यातल्या एकीलाही पुढे येऊन बसता येत नाही. भाषणे ऐकायला पुरुष आणि लहान मुले.

मी वस्तीपातळीवर काम करते, त्यामुळे हे चित्र अनेक ठिकाणी पाहिले आहे. रमाईबद्दल कृतज्ञ राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मला तिथेच पडला. त्याचे उत्तर शोधायचे तर तिचे आयुष्य पुन्हा एकदा नीट पाहावे लागते. (आईला आपण एकेरीत हाक मारतो, म्हणून इथे तिला ती म्हटले आहे. यात मान कमी नाही.)

रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या डोक्यावरून वाहून नेण्याचे काम करायचे. आई रुक्मिणी लवकर गेली. थोड्याच काळात वडीलही गेले. पोरकी झालेली भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला भायखळ्यात आली. कोकणातली कितीतरी महार कुटुंबे त्या काळात अशीच मुंबईला आली, कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी लष्करातून निवृत्त होऊन. सुभेदार रामजी सकपाळ त्यांपैकीच एक. त्यांना आपल्या भिवासाठी मुलगी पाहायची होती.

लग्न लागले १९०६ च्या सुमारास, भायखळ्याच्या बाजारात. कार्यालय नाही, मांडव नाही. रात्री बाजार उठल्यावर त्या उघड्या शेडमध्ये एका बाजूला वराकडची मंडळी, दुसऱ्या बाजूला वधूकडची. विक्रेत्यांचे दगडी ओटे हीच बैठक, आणि खालून गटाराचे पाणी वाहते आहे. पहाटे बाजार भरायच्या आत जागा मोकळी करून द्यायची होती. नवरी नऊ-एक वर्षांची, नवरदेव हायस्कूलात शिकणारा. आज आपल्याकडे हॉल, डीजे आणि पाचशे पानांच्या पंगतीसाठी कर्ज काढणारी घरे मला माहीत आहेत. वर मंचावर बुद्ध-बाबासाहेबांच्या मोठ्या प्रतिमा असतात. असो.

१२ डिसेंबर १९१२ ला यशवंताचा जन्म झाला. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला पोहोचले. या तीन घटना आपण बाबासाहेबांच्या चरित्रात वाचतो तेव्हा नजर न्यूयॉर्ककडे जाते, कोलंबिया विद्यापीठाकडे जाते. परळच्या चाळीकडे कोणी वळून पाहत नाही. तिथे पंधरा वर्षांची मुलगी, कडेवर काही महिन्यांचे मूल, घरातला कर्ता म्हातारा नुकताच गेलेला. पुढे दीर आनंदराव गेले आणि जाऊ लक्ष्मीबाई व त्यांचा मुलगा मुकुंद यांच्यासह सगळ्यांचा संसार एकत्रच चालला. दोन विधवांसारख्या राहणाऱ्या दोन बाया, त्यांतली एक खरोखरची विधवा, आणि पोरे.

बाबासाहेब १९१७ मध्ये परतले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, महिना ४५० रुपये पगार. चाळीतल्या कुटुंबासाठी ही रक्कम मोठीच होती. पण लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते, म्हणून ते पैसे साठवत होते. म्हणजे पगार वाढला तरी रमाईच्या हातात काटकसरच आली. १९२० मध्ये साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर बाबासाहेब पुन्हा गेले, ते १९२३ मध्येच परतले.

या काळातल्या रमाईच्या शेणगोवऱ्या आपल्या गाण्यांत आणि पोवाड्यांत खूप आहेत. शेण गोळा करायचे, थापायचे, वाळवायचे आणि त्या गोवऱ्यांवर घर चालवायचे. मोठ्या बॅरिस्टरची बायको शेण वेचते असे कोणी बोलू नये म्हणून ती अंधारात जायची, असे जुनी माणसे सांगत. गोवऱ्यांचे दुःख आपण गातो, पण त्याकडे आर्थिक बाजूने क्वचितच बघतो. ज्या पदव्यांचा आपल्याला अभिमान आहे, त्यांच्या खर्चात शिष्यवृत्तीची रक्कम आहे, कर्ज आहे, तशीच या घरातून वाचलेली आणि या घराने मिळवलेली रक्कमही आहे. समाजशास्त्रात बाईच्या घरातल्या कामाला मोल न मिळण्याबद्दल आम्ही बरेच वाचले. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर परळची चाळच यायची.

हे ओळखणारा पहिला माणूस स्वतः बाबासाहेब होते. ३ फेब्रुवारी १९२८ च्या बहिष्कृत भारतात त्यांनी एक लेख लिहिला. पत्र कर्जात होते आणि वाचकांनी ते ऋण आपले मानावे असा त्या लेखाचा विषय होता. त्यात त्यांनी स्वतःच्या घराचाही हिशेब मांडला. आपण परदेशात असताना संसाराचा भार पत्नीने उचलला, परतल्यानंतरही डोक्यावर शेणाचा भारा वाहायची वेळ तिच्यावर आली, आणि दिवसाच्या चोवीस तासांतला अर्धा तासही आपण तिला देऊ शकलो नाही, अशी कबुली त्यांनी दिली. हे घरात कानात सांगितलेले नाही. छापून, सगळ्या समाजासमोर, तारखेसह सांगितले आहे. १९२८ सालच्या मराठी वर्तमानपत्रांत किती संपादकांनी बायकोबद्दल असे लिहिले असेल?

मला कृतज्ञतेचा अर्थ या लेखातून कळला. कोणी काय दिले, त्याची किंमत किती होती आणि आपण काय देऊ शकलो नाही, हे नाव घेऊन सांगणे. गुणगानात यातले तिसरे वाक्य नेहमी गळते.

पाच मुलांपैकी यशवंत एकटा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न लहानपणीच गेले. गंगाधर गेला तेव्हा कफनाला पैसे नव्हते आणि रमाईने आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, असे सांगतात. राजरत्न १९ जुलै १९२६ ला गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात आपण उभयता या धक्क्याने खचलो असल्याचे सांगितले आहे. त्यानंतरच्या वर्षात महाडचा सत्याग्रह झाला. म्हणजे चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले, त्यांच्या घरातले दुःख तेव्हा वर्षभराचेही झाले नव्हते.

रमाई घरातच बसून राहिली, असेही नाही. १९२८ मध्ये मुंबईत अस्पृश्य महिलांचे मंडळ निघाले, त्याच्या अध्यक्षपदी ती होती. आणि धारवाडच्या वसतिगृहाची गोष्ट तर आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. बळवंतराव वराळे यांच्याकडे ती काही दिवस राहायला गेली होती. अंगणात खेळणारी वसतिगृहाची मुले दोन दिवस दिसली नाहीत, म्हणून तिने विचारले. धान्यासाठीचे अनुदान आले नाही, मुले उपाशी आहेत, हे कळताच तिने हातातल्या बांगड्या काढून दिल्या. आपण ही गोष्ट त्याग म्हणून सांगतो. मला तिच्यात दुसरेच काहीतरी दिसते. मुले दिसत नाहीत हे तिच्या लक्षात आले. तिने चौकशी केली. मुंबईला निरोप पाठवून कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. बांगड्या कोणी मागितल्या नव्हत्या, तिने ठरवले होते. निर्णय घेणारी बाई आणि सहन करणारी बाई यांत फरक आहे, आणि आपली भाषणे दुसरीच्याच प्रेमात आहेत. त्यात एक सोय असते. सहन करणाऱ्या बाईचा फोटो भिंतीवर लावला की घरातल्या सुनेलाही तसेच राहायला सांगता येते.

आता थोडा अवघड भाग. रमाई देवभोळी होती. नवऱ्याच्या भल्यासाठी शनिवारचे उपवास करायची. पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यावे, ही तिची मनापासूनची इच्छा होती. बाबासाहेबांनी नकार दिला. जे पंढरपूर भक्तांना देवापासून लांब उभे करते, तिथे कशाला जायचे, आपण आपल्या कामातून नवी पंढरी उभी करू, अशा आशयाची समजूत त्यांनी घातली. गेली असती तर तिला चोखोबांच्या समाधीपाशी, महाद्वाराबाहेरच उभे राहावे लागले असते. ते देऊळ अस्पृश्यांना उघडले १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तोवर तिला जाऊन बारा वर्षे झाली होती. नकारामागचे कारण आपल्याला पटते, मलाही पटते. तरी इच्छा अपुरी राहिली, हेही तितकेच खरे, आणि ते सांगताना आपला आवाज थोडा खाली यायला हवा.

हे मुद्दाम लिहिते, कारण आपले तरुण कार्यकर्ते सणासुदीला घरात आईशी भांडतात. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला मुलगा चतुर्थीला आईचे ताट ओढतो, सगळ्यांसमोर तिला अडाणी म्हणतो. प्रतिज्ञा महत्त्वाच्याच. पण ज्या रमाईचा फोटो त्याने स्टेटसला ठेवला आहे, ती धम्मदीक्षेच्या एकवीस वर्षे आधी गेली आणि उपवास करता करता गेली. तिच्यावर ओरडला असता का तो?

बुद्धांनी सिगालाला काय सांगितले ते आठवून पाहा. राजगृह नगरातला हा गृहस्थपुत्र रोज सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडायचा, कारण मरताना बापाने तसे सांगितले होते. बुद्धांनी त्याची थट्टा केली नाही. दिशा तशाच राहू दिल्या, अर्थ बदलला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खाली आपल्याकडे काम करणारी माणसे, वर श्रमण. पत्नीबाबत पतीची कर्तव्येही सांगितली. तिचा मान राखावा, तिला तुच्छ लेखू नये, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा. घरातली रीत मोडायची तर तिच्या जागी काय ठेवायचे, याचा इतका साधा धडा दुसरा नाही. मंगलसुत्तातही कृतज्ञता हे एक मंगल म्हणून मोजले आहे. आपण ते दर पौर्णिमेला म्हणतो.

बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले, त्याचे नावही राजगृह. पुस्तकांसाठी बांधलेले ते घर. दोन खोल्यांत दोन दशके काढलेल्या रमाईच्या वाट्याला ते फार थोडा काळ आले, आणि तोवर तिची तब्येत ढासळली होती. २७ मे १९३५ ला ती तिथेच गेली. हजारो माणसे अंत्ययात्रेला होती. बाबासाहेबांनी मुंडण केले, कितीतरी दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली.

१९४० मध्ये त्यांनी पाकिस्तानविषयीचा ग्रंथ लिहून पुरा केला. फाळणीच्या राजकारणावरचे ते जाड पुस्तक त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केले आहे. तिच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल आणि मित्र नसलेल्या, ददातीच्या दिवसांत शांतपणे सोबत सोसल्याबद्दल. ती जाऊन पाच वर्षे झाली होती आणि हिशेब अजून चालूच होता.

आमच्या घरी आता ६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी वंदना झाली की एक वही निघते. तिच्यात ऋणे लिहायची. माझ्या एमएच्या फीसाठी आईने कानातली फुले मोडली होती, ते पहिल्या पानावर आहे, सोनाराने दिलेल्या रकमेसह. ती रक्कम आईला अजून तोंडपाठ आहे, हे मला त्या दिवशी कळले. आजीच्या पानावर गवत कापायच्या मजुरीचे दर आहेत. भावाने आपल्या बायकोचे पान स्वतः लिहिले, त्यात आपण काय केले नाही हेही लिहिले, आणि ते वाचून दाखवताना त्याला पाणी प्यावे लागले.

विहारातही दोन वर्षांपासून ७ फेब्रुवारीचा स्वयंपाक पुरुष मंडळींकडे आहे. बायका पुढे बसतात, बोलतात, मध्येच उठून चुलीकडे जायला निघतात आणि एकमेकींना हाताला धरून खाली बसवतात. गेल्या वर्षी खीर करपली होती. समोरच्या रांगेतल्या एका आजींनी ती दोनदा मागून घेतली.