बिछान्यावरचे कार्यालय

घरून काम करणे ही संगणकाच्या काळातली सोय, असे आपण धरून चालतो. पण रुग्णसेवेला शिस्त लावणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आयुष्यातले बहुतेक काम घरूनच केले, तेही कित्येक वर्षे अंथरुणात पडून.

हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणाऱ्या नाइटिंगेल सगळ्यांना ठाऊक असतात. क्रिमियाच्या युद्धातली त्यांची ती सेवा १८५४च्या नोव्हेंबरपासून १८५६च्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे जेमतेम पावणेदोन वर्षांची. त्या वारल्या १९१० मध्ये, नव्वद वर्षांच्या होऊन.

युद्धभूमीवर १८५५ मध्ये त्यांना कडक ताप आला होता. परतल्यावर, १८५७ मध्ये त्या कोसळल्या. धडधड, थकवा, भूक मेलेली. १८६१च्या अखेरीस पाठीचा कणा इतका दुखू लागला की पुढे काही वर्षे त्यांना उचलून न्यावे लागे. न तापवलेल्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिस हा जुनाट आजार त्यांना असावा, असे अलीकडच्या काही डॉक्टरांचे अनुमान आहे. तेव्हा त्यावर औषध नव्हते.

मग त्यांनी घरालाच कार्यालय केले. भेट आधी ठरवूनच, आणि एका वेळी एकाच माणसाची. हा नियम नातेवाइकांनाही लागू. वाचलेल्या शक्तीतून मोठे काम उभे राहिले. रुग्णसेवेवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक १८५९ मध्ये आले. भारतातल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावली पाठवून त्यांनी पाणी, गटारे, बराकी यांची माहिती मागवली. इथल्या ब्रिटिश सैनिकांत दर हजारी ६९ मृत्यू होत आणि त्यातले बहुतेक लढाईत नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी, हे १८६३च्या शाही आयोगाच्या अहवालातून पुढे आले. दहा वर्षांत हा आकडा १८ पर्यंत उतरला. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला.

याची किंमतही त्यांनी मोजली. ज्या भारतासाठी आयुष्याची एवढी वर्षे दिली, तो त्यांनी कधी पाहिला नाही. त्यांच्या नावाची परिचारिकांची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये सुरू झाली. तिथे त्या पहिल्यांदा गेल्या १८८२ मध्ये. सोबतीला राहिलेली आत्या आपल्या संसारात परत गेली, तर तो राग त्यांनी जवळजवळ वीस वर्षे धरला. बंद दाराआड काम वाढते, तसे रुसवेही वाढतात.

मात्र एक दार त्यांनी उघडे ठेवले. शाळेतल्या परिचारिकांना त्या एकेक करून चहाला बोलावत आणि वॉर्डातली हकिकत बारकाईने विचारून घेत. रुग्णाची सेवा घरून होत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

घरून काम करणाऱ्यांनी त्यांच्याकडून दोन गोष्टी घ्याव्यात. कामाच्या वेळेला कुंपण घालायला संकोच करू नये. आणि त्या कुंपणाला एक फाटक ठेवावे. आपले पाय धड असतील, तर रोज त्या फाटकातून बाहेरही पडावे. नाइटिंगेलबाईंना अनेक वर्षे तेवढे जमत नव्हते.