हरणाऱ्या संघाचा गायक

शिकागोचा गीतकार-गायक स्टीव्ह गुडमन जन्मला १९४८ साली. शिकागो कब्स हा त्याचा बेसबॉलचा संघ; १९०८ नंतर जगज्जेतेपद नाही, १९४५ नंतर अंतिम लढतसुद्धा नाही! विशीतच गुडमनला रक्ताचा कर्करोग जडला. आगगाडीवरील गाण्याने नाव झाले, पण जीव अडकला होता कब्समध्येच. १९८१ मध्ये त्याने मरणपंथाला लागलेल्या एका कब्सभक्ताच्या शेवटच्या इच्छेचे गाणे केले. वरवर थट्टेचेच, पण हा भक्त कोण, हे काय सांगायला हवे? संघाच्या कारभाऱ्यांना ते फार उदास वाटले, म्हणून १९८४ मध्ये त्याने दुसरे, उमेदीचे रचून दिले. त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. चारच दिवसांनी कब्सने आपला विभाग जिंकला. पुढे त्याची थोडी रक्षा रिग्ली फील्डवर विखुरली गेली. २०१६ साली कब्स अखेर जगज्जेते झाले, तेव्हा शिकागोने गायले ते त्याचेच गाणे.