कर्णधारपद गेले, खेळ राहिला : कर्नल सी. के. नायडू



आपल्या इंदूरला क्रिकेटचे वेड आहे, हे कुणी नव्याने सांगायला नको. मात्र या वेडाला ज्यांनी शिस्त दिली, त्या कर्नल सी. के. नायडूंचे चरित्र आजच्या मुलांना फारसे ठाऊक नसते. त्यांच्या नावाची स्पर्धा माहीत असते, षटकार ऐकलेले असतात. पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग आणि त्यातून ते कसे पार पडले, हे क्वचितच सांगितले जाते. म्हणून या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे तेलुगू, पण नागपुरात स्थिरावलेले. शाळेच्या संघातून आणि नागपूरच्या मैदानांवर त्यांचा खेळ घडला. 1916 साली हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध ते पहिला मोठा सामना खेळले. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि चौथा सीमापार भिरकावून षटकाराने खाते उघडले, असे सांगतात. उंच, सडपातळ बांधा, ताठ चाल आणि उंच फटका मारताना जराही न कचरणारे मन, ही त्यांची ओळख तेव्हापासूनची.

1923 साली होळकर दरबाराने त्यांना इंदूरला बोलावून सैन्यात अधिकारपद दिले. पुढे ते कर्नल झाले आणि इंदूर हीच त्यांची कर्मभूमी झाली. 1926 च्या डिसेंबरमध्ये आर्थर गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ मुंबईत आला असता जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून नायडूंनी 116 मिनिटांत 153 धावा काढल्या. त्यात 11 षटकार होते. हिंदुस्थानचे खेळाडू इंग्लंडच्या संघाशी बरोबरीने खेळू शकतात, हा विश्वास त्या एका खेळीने लोकांना दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1928 साली, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली.

1932 साली भारताचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला गेला. त्या काळी संघाचे नेतृत्व राजेरजवाड्यांकडेच असावे, अशी समजूत होती. पोरबंदरचे महाराज कर्णधार होते आणि लिंबडीचे राजकुमार उपकर्णधार. पोरबंदरच्या महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा ठाऊक होती. ते स्वतःहून बाजूला झाले. लिंबडी दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. अशा रीतीने कसोटीचे नेतृत्व नायडूंकडे आले. राजघराण्याबाहेरच्या माणसाच्या हाताखाली खेळणे संघातील काहींना रुचले नव्हते, तरीही पोरबंदरच्या महाराजांनी आपला निर्णय बदलला नाही. त्यांचा हा मोठेपणा विसरता येणार नाही.

25 जून 1932 रोजी लॉर्ड्सवर सामना सुरू झाला आणि पहिल्या अर्ध्या तासातच इंग्लंडची अवस्था 3 बाद 19 झाली. महंमद निसार यांनी त्या डावात 5 बळी घेतले. शेवटी भारत 158 धावांनी हरला. पण क्षेत्ररक्षण करताना हाताला इजा झालेली असूनही नायडूंनी पहिल्या डावात 40 धावा केल्या, आणि त्याच डावातील सर्वाधिक ठरल्या. त्या दौऱ्यात बर्मिंगहॅमला त्यांनी मारलेला एक षटकार मैदानालगतच्या नदीपलीकडे गेला. ती नदी दोन परगण्यांची हद्द असल्याने चेंडू एका परगण्यातून दुसऱ्यात गेला, अशी आख्यायिका आहे. पुढच्या वर्षी विस्डेनने वर्षातील पाच श्रेष्ठ खेळाडूंत त्यांचा समावेश केला. भारताकडून खेळून हा मान मिळवणारे ते पहिले.

1933-34 मध्ये जार्डिन यांचा संघ भारतात आला, तेव्हा तीनही कसोटींत नायडूच कर्णधार होते. साहजिकच 1936 च्या इंग्लंड दौऱ्यातही त्यांनाच ते पद मिळेल, असे अनेकांना वाटत होते. तसे झाले नाही. आधी पतौडीच्या नवाबांची निवड झाली. त्यांनी माघार घेतल्यावर मंडळाने विजयानगरमचे महाराजकुमार, ज्यांना सारे विझी म्हणत, यांना कर्णधार केले. विझींपाशी पैसा होता, ओळखी होत्या, क्रिकेटची आवडही होती. कसोटी दर्जाचा खेळ मात्र नव्हता. तीन कसोटींत मिळून त्यांच्या 33 धावा झाल्या.

नायडू तेव्हा चाळिशीचे होते. जे पद त्यांनी सांभाळले होते, ते त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी योग्यतेच्या माणसाकडे गेले होते. संघात दोन तट पडले : एक कर्णधाराच्या मर्जीतला, दुसरा नायडूंना मानणारा. पहिल्या कसोटीच्या आधीच लाला अमरनाथ यांना बेशिस्तीचा ठपका ठेवून मायदेशी पाठवण्यात आले. लॉर्ड्सवर पहिल्या डावात अमरसिंग यांनी 35 धावांत 6 बळी घेऊन भारताला 13 धावांची आघाडी मिळवून दिली होती. पण दुसऱ्या डावात संघ 93 धावांत कोसळला आणि सामना 9 गड्यांनी गेला. मँचेस्टरला विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी 203 धावांची सलामी दिली, त्यामुळे तो सामना अनिर्णित राहिला. यांतले मुश्ताक अली आपल्या इंदूरचे. लहान वयात त्यांचे गुण हेरून त्यांना पुढे आणले होते ते नायडूंनीच.

मग ओव्हलची तिसरी कसोटी आली. या कसोटीच्या सुमारास एका खेळाडूने न्याहारीच्या वेळी सर्वांदेखत नायडूंचा अपमान केला आणि त्याच्या बदल्यात त्याला संघात जागा मिळाली, असे सहकाऱ्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्याच सामन्यात भारतावर फॉलोऑनची वेळ आली. पराभव डोळ्यांसमोर होता. गबी ॲलन यांचा एक वेगवान चेंडू नायडूंच्या अंगावर जोरात आदळला. ते मैदान सोडून गेले नाहीत. त्यांनी 81 धावा केल्या, आणि डावाने होणारा पराभव टळला. सामना भारताने 9 गड्यांनी गमावला. नायडूंची ती अखेरची कसोटी आणि 81 ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या.

मित्रांनो, इथे जरा थांबून विचार करावा असे आम्हाला वाटते. ज्याचा मान काढून घेतला गेला, तो माणूस मनातल्या मनात कुढत दोन-चार धावा काढून परतला असता, तर त्याला कोण बोल लावणार होते? हार कर्णधाराच्या नावावर लागली असती. पण नायडूंनी रागाचा हिशेब संघाच्या धावफलकावर मांडला नाही. दौऱ्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन ब्यूमाँट यांच्या समितीने चौकशी केली आणि विझींच्या नेतृत्वावर कडक ठपका ठेवला. न्याय झाला, पण उशिरा. कर्णधारपद काही परत मिळाले नाही. 7 कसोटींवर नायडूंची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

त्यांचा खेळ मात्र संपला नाही, आणि याचा सर्वाधिक लाभ इंदूरला झाला. त्यांच्या काळात होळकर संघ 1944-45 पासून नऊ हंगामांत आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला. चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड असे खेळाडू त्या संघात होते. 1945-46 च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी 200 धावा केल्या, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती. मुंबईविरुद्ध एका सामन्यात दत्तू फडकर यांच्या उसळत्या चेंडूने त्यांचे दात पडले, तरी ते खेळतच राहिले. साठी उलटल्यावर त्यांनी उत्तर प्रदेशचे नेतृत्व केले.

ते फार कडक होते, हेही सांगायला हवे. सरावाला उशीर, मैदानावर ढिलाई, दुखण्याची तक्रार, यांतले काहीच त्यांना खपत नसे. काही खेळाडूंना ते दूरचे आणि ताठर वाटत, आणि संघातील मतभेदांना त्यांचा स्वभावही थोडा कारणीभूत असेल. परंतु दुसऱ्यांकडून जे मागितले, ते त्यांनी आधी स्वतः करून दाखवले.

1956 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदूर येथेच त्यांचे निधन झाले. नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो आणि तरुण खेळाडूंची सी. के. नायडू करंडक स्पर्धाही होते.

शाळेच्या संघात निवड न होणे, वर्गात प्रतिनिधीपद दुसऱ्याला मिळणे, बक्षीस हुकणे, हे प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येते. अन्याय झाला असेल तर तो जरूर सांगावा, मोठ्यांनीही तो ऐकून घ्यावा. पण त्यानंतर फलंदाजीला उतरायची पाळी आली, की पॅड बांधून नीट खेळावे. कर्णधार कोण, हे दुसरे ठरवतात. आपण कसे खेळायचे, हे मात्र आपल्याच हाती असते.