खेड्यांचा कैवारी : फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन

सहकारी पतपेढी आज आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या पाटीवरून आपली दृष्टी रोज जाते. परंतु हे रोप प्रथम कोणत्या मातीत रुजले, याचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. ज्या भूमीची जशी अडचण, तसा तेथील संस्थेचा आकार, असे आम्हांस वाटते. रायफायझेन यांचे चरित्र याची उत्तम साक्ष देते.

त्यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी जर्मनीतील झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. वेस्टरवाल्ड हा तेथील डोंगराळ मुलूख. थंडी कडाक्याची, जमीन हलकी, शेते लहान आणि बाजारपेठ दूर. जुन्या सरंजामी बंधनांतून शेतकरी मोकळा झाला होता खरा, परंतु त्याच्या गाठीस रोकड नव्हती. पीक बुडाले की सावकाराचे दार, मग गोठ्यातील गाय आणि अखेरीस जमीनही जावी, असा क्रम ठरून गेलेला होता.

रायफायझेन यांच्या घरची स्थितीही बेताचीच. वडील आजाराने खचलेले. त्यामुळे गावच्या धर्मोपदेशकाने या मुलाला शिकविले. सतराव्या वर्षी ते तोफखान्यात दाखल झाले. पण नेत्रविकाराने १८४३ मध्ये त्यांना लष्कर सोडावे लागले. पुढे १८४५ मध्ये वेयरबुश व आसपासच्या खेड्यांचा कारभार त्यांच्याकडे आला.

लगेच १८४६-४७ चा दुष्काळी हिवाळा उभा राहिला. रायफायझेन यांनी सधन गावकऱ्यांकडून पैसा जमविला, धान्य आणविले, गावात भट्टी बांधली आणि गरिबांस स्वस्त पाव उधारीवर दिला. शेतमाल ऱ्हाइन नदीकाठच्या बाजारापर्यंत पोहोचावा म्हणून त्यांनी रस्ताही बांधविला. पुढे फ्लामर्सफेल्ट येथे १८४९ मध्ये सुमारे ६० सधन गृहस्थांच्या हमीवर त्यांनी मंडळ काढले व शेतकऱ्यांस हप्त्यांनी गुरे मिळवून दिली. हेडेसडोर्फ येथे १८५४ मध्ये असेच एक परोपकारी मंडळ निघाले.

परंतु वर्षे उलटली तसा धनिकांचा उत्साह ओसरू लागला. देणाऱ्याचा हात थकला की घेणारा होता तेथेच राहतो, हे कटू सत्य रायफायझेन यांना उमगले. स्वतःच्या अनेक वर्षांच्या श्रमांतील उणीव मान्य करणे सोपे नसते. त्यांनी ती मान्य केली आणि १८६२ ते १८६४ या काळात आन्हाउझेन व हेडेसडोर्फ येथे नव्या पायावर पतसंस्था उभारल्या. आता कर्ज घेणारा शेतकरी स्वतःच संस्थेचा सभासद झाला.

या संस्थेचे प्रत्येक अंग त्या डोंगरी मुलखातूनच आलेले दिसते. शेतकऱ्याजवळ भाग घेण्यापुरता पैसा नव्हता, पण थोडी जमीन व शेजाऱ्यांत पत होती. म्हणून सर्वांनी मिळून एकमेकांच्या कर्जाची अमर्याद जबाबदारी पत्करली. माणसे परस्परांस ओळखत असावीत म्हणून संस्थेचे क्षेत्र लहान ठेवले. शेतीचे उत्पन्न हंगामावर अवलंबून. म्हणून परतफेडीची मुदत लांब दिली. कारभार बिनपगारी चाले आणि नफा सामाईक गंगाजळीत पडे. त्याच काळी शुल्झ-डेलिच यांनी शहरांतील कारागीर व व्यापाऱ्यांसाठी पतसंस्था काढल्या. तेथे रोकड नित्य खेळती. म्हणून सभासदांचे भाग व अल्प मुदतीची कर्जे हा त्यांचा पाया होता. ध्येय एकच, परंतु भूमी भिन्न म्हणून मार्गही भिन्न!

या कार्याची किंमत रायफायझेन यांनी फार मोठी दिली. त्यांच्या पत्नी १८६३ मध्ये वारल्या. प्रकृतीमुळे १८६५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांना निवृत्त व्हावे लागले. दृष्टी जवळजवळ गेली होती. तरी ज्येष्ठ कन्या आमाली हिच्या साह्याने त्यांचे लेखन व पत्रव्यवहार चालूच राहिला. पतसंस्थांवरील त्यांचा ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या आधारे गावोगावी संस्था निघाल्या. ११ मार्च १८८८ रोजी त्यांनी इहलोकाचा निरोप घेतला.

त्यांचा विचार आपल्या देशातही आला. कर्जाने पिचलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव केला होता. पुढे मद्रासचे अधिकारी निकल्सन यांनी १८९५ मधील आपल्या अहवालात रायफायझेन यांचा मार्ग पुरस्कारिला. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ मध्ये तत्कालीन धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची पतसंस्था उभी राहिली.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावची अडचण कोणती, हे प्रथम डोळे उघडून पाहावे. डोळ्यांची ज्योत मंदावलेल्या या पुरुषाला ती स्पष्ट दिसली होती. आपणांस का दिसू नये?