मेरुरज्जूचा चित्रकार

मुलांनो, चुलीवरच्या गरम तव्याला चुकून बोट लागले, तर तुम्ही काय करता? झटकन हात मागे घेता. भाजले हे नीट कळण्याआधीच हात मागे आलेला असतो. मग हाताला हा हुकूम दिला कोणी? मेंदूने नव्हे. तो दिला पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूने. उर्दूत त्याला हराम मग्ज म्हणतात.

कण्याचे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या मधल्या पोकळीतून मेरुरज्जू खाली उतरतो. मोठ्या माणसात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर असते आणि जाडी जेमतेम करंगळीएवढी. त्याच्यापासून चेतातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक चेतातंतूला दोन मुळे असतात. पाठीकडच्या मुळातून बातमी आत येते, पोटाकडच्या मुळातून हुकूम बाहेर जातो. इतके शास्त्रज्ञांना १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातच समजले होते. पण आत आलेली बातमी बाहेर जाणाऱ्या तंतूपर्यंत पोहोचते कशी? हे कोडे काही सुटत नव्हते. ते सोडवण्यात ज्याचा फार मोठा वाटा आहे, तो लहानपणी अतिशय खोडकर मुलगा होता.

त्याचे नाव सांतियागो रामोन इ काहाल. स्पेनमधील पेतिया या डोंगराळ खेड्यात १ मे १८५२ रोजी त्याचा जन्म झाला. वडील शस्त्रवैद्य होते. सांतियागोला मात्र चित्रे काढण्याचे वेड होते. कागद मिळाला नाही तर तो भिंतीवर चित्रे काढी. अकरा वर्षांचा असताना त्याने लाकडाची तोफ बनवली आणि शेजाऱ्याच्या बागेचे नवे फाटक उडवून दिले! त्याबद्दल त्याला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. कंटाळून वडिलांनी त्याला कधी न्हाव्याच्या, तर कधी चांभाराच्या दुकानात कामाला ठेवले. शेवटी त्यांनी एक युक्ती केली. त्याला स्वतः शरीरशास्त्र शिकवायला घेतले आणि हाडांची चित्रे काढायला लावली. येथे मुलाचे मन रमले. १८७३ साली सारागोसा येथे तो डॉक्टर झाला.

पुढे लष्करातील डॉक्टर म्हणून काहाल क्यूबाला गेले. तेथे हिवतापाने ते इतके खंगले, की १८७५ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. नंतर वालेन्सिया येथे ते प्राध्यापक झाले. १८८५ साली तेथे कॉलऱ्याची साथ आली. काहालांनी त्या रोगावर जे संशोधन केले, त्याबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्यांना उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. ही भेट पुढे फार मोलाची ठरली.

१८८७ साली माद्रिदमध्ये एका मित्राच्या घरी काहालांनी एक नवल पाहिले. इटलीचे शास्त्रज्ञ कामिलो गोल्जी यांनी १८७३ साली शोधलेल्या रीतीने मेंदूचा पातळ काप रंगवलेला होता. या रीतीत चांदीचा क्षार वापरतात. हजारो पेशींपैकी मोजक्याच पेशी काळ्याभोर होतात, बाकीच्या दिसतच नाहीत. म्हणून एकेक पेशी, पिवळ्या कागदावर शाईने काढावी तशी, फांद्यांसकट उठून दिसते.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ समजत, की चेतातंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे एकमेकांना अखंड जोडलेले असतात. खुद्द गोल्जींचेही हेच मत होते. पेशी सुट्या असाव्यात असे थोड्यांना वाटे, पण पुरावा कोणाकडेच नव्हता.

काहाल त्याच वर्षी बार्सिलोनाला गेले आणि कामाला लागले. मोठ्या प्राण्यांच्या तंतूंवर चरबीचे आवरण असते, त्यामुळे रंग नीट चढत नाही. मग त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील वाढणारे पिल्लू घेतले. त्याच्या तंतूंवर हे आवरण अजून आलेले नसते. युक्ती साधी होती, पण तिनेच काम केले! पिलाच्या मेरुरज्जूत त्यांना दिसले, की बाहेरून आलेला तंतू आत शिरताच दुभंगतो. एक फाटा वर जातो, एक खाली. या फाट्यांना आडव्या बारीक फांद्या फुटतात. मेरुरज्जूच्या मधोमध फुलपाखराच्या आकाराचा करड्या रंगाचा भाग असतो. त्यात या फांद्या शिरतात आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींजवळ जाऊन थांबतात. थांबतात, जुळत नाहीत. तव्यावरून हात कसा उठतो, याची वाट सापडली होती. बातमी पेशीच्या फांद्यांतून आत येते आणि लांब तंतूतून बाहेर जाते, उलट नाही, हेही पुढे त्यांनी दाखवले. आज आपल्याला माहीत आहे, की ही बातमी विजेच्या बारीक लहरीसारखी धावते. सर्वांत वेगवान तंतूंत तिचा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत असतो.

पण स्पॅनिशमधले लेख वाचणार कोण? काहालांनी १८८८ साली स्वतःच्या खर्चाने नियतकालिक काढले. प्रती निघत फक्त ६०. त्या त्यांनी देशोदेशीच्या विद्वानांना पाठवल्या. फारशी उत्तरे आली नाहीत. तेव्हा १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये पदरमोड करून ते बर्लिनच्या परिषदेला गेले. जर्मन येत नव्हते, फ्रेंचही मोडकेतोडके. त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडले, काचा लावल्या आणि येईल त्याला हाताला धरून दाखवू लागले. वृद्ध शास्त्रज्ञ क्योलिकर यांनी डोळा लावला आणि ते थक्क झाले. क्योलिकर तेव्हा ७२ वर्षांचे होते. काहालांचे लेख वाचता यावेत म्हणून त्या वयात ते स्पॅनिश शिकले. मला तर ही गोष्ट काहालांच्या शोधाइतकीच मोठी वाटते. १८९१ साली जर्मन शास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी या सुट्या पेशीला न्यूरॉन हे नाव दिले.

१९०६ सालचे नोबेल पारितोषिक गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. स्टॉकहोममध्ये ११ डिसेंबरला गोल्जींनी भाषणात काहालांच्या मतावरच टीका केली. दुसऱ्या दिवशी काहालांनी आपले पुरावे मांडले. ज्यांच्या रीतीने शोध लागला, त्यांनाच तो पटला नाही!

पुढे काहालांनी तुटलेल्या तंतूंचा अभ्यास केला. हातापायाचा तंतू तुटला तर तो पुन्हा वाढू शकतो. मेरुरज्जूतील तंतूलाही कोंब फुटतात, पण थोड्याच दिवसांत त्यांची वाढ खुंटते. म्हणून कण्याला जबर मार बसला, की माणूस अपंग होतो. यावर उपाय शोधण्याचे काम आजही चालू आहे.

गोल्जी १९२६ साली वारले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे काहालांचे निधन झाले. पुढे १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दोन चेतापेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली. ती मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी असते, आणि बातमी ती बहुधा रसायनाच्या रूपाने ओलांडते.