वीज खेड्यापाड्यांत नेण्याचा पाया : काकासाहेब गाडगीळ

माळव्यातील मल्हारगड येथे 10 जानेवारी 1896 रोजी जन्मलेले नरहर विष्णू तथा काकासाहेब गाडगीळ यांचे आम्ही बृहन्महाराष्ट्रीय कृतज्ञतेने स्मरण करतो. पुण्यात वकिली व काँग्रेसचे कार्य केलेल्या काकासाहेबांकडे 1947 मध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज हे खाते आले. त्या काळी वीज मुख्यत्वे परवानाधारक कंपन्यांच्या हाती असे. नफा दिसे तेथे, म्हणजे शहरांत, दिवे लागत. खेडी अंधारातच राहत.

त्यांच्या कारकिर्दीत संमत झालेल्या 1948 च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळे व केंद्रीय वीज प्राधिकरण यांची तरतूद केली आणि कंपन्यांच्या नफ्यास मर्यादा घातली. त्याच वर्षी दामोदर खोरे निगमही स्थापन झाले. पुढे काकासाहेब पंजाबचे राज्यपाल व पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 12 जानेवारी 1966 रोजी ते निवर्तले.

कालांतराने अनेक मंडळे तोट्यात रुतली आणि 2003 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. तथापि ज्या मंडळांनी खेडोपाडी तारा नेल्या, ती त्याच कायद्याची अपत्ये होत, हे आम्हांस विसरता येत नाही.