अमळनेरचे छात्रालय आणि साने गुरुजी

साने गुरुजींच्या चरित्रात १९२४ ते १९३० ही अमळनेरची वर्षे बहुधा कारावासाची पूर्वपीठिका म्हणून उरकली जातात. वाङ्मयाच्या अभ्यासकाला तसे करून चालणार नाही. पालगड येथे १८९९ मध्ये जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले. रमले मात्र प्रताप हायस्कूलमध्ये, आणि त्याहूनही अधिक शाळेच्या छात्रालयात. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते न बोलता आवरीत, मळके कपडे धूत. त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक ते चालवीत. रोज हाताने लिहावयाचे, आणि वाचक कोण, तर एका छपराखालची शाळकरी मुले! १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघाले, १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून झाली, याचे आश्चर्य केले जाते. परंतु रात्रीची प्रार्थना, भोवती बसलेले श्रोते, लहान वाक्ये, मध्येच केलेला उपदेश ही सारी घडण छात्रालयातल्या सहवासाशी जुळणारी आहे. तिच्यातील भाबडेपणावर बोट ठेवणारी समीक्षा हा श्रोता कोण, हे विचारीतच नाही. ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत तर छात्रालय उघडपणेच अवतरते. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी जीवनयात्रा संपविली. त्यांच्या छापील ग्रंथांच्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्या हस्तलिखित पानांचा विचार मात्र चरित्रकारांनीच अधिक केला, समीक्षकांनी क्वचितच.